नावेतल्या खोलीची भिंत

अहो, तुमचं नाव मी अजून घेत नाही. दहाव्याला गुरुजींनी विचारलं तेव्हा आपल्या सुकदेवनं सांगितलं, मी पदर तोंडात धरून बसले होते. घाटावरच्या बायका म्हणाल्या, आता घ्यायला काय हरकत आहे, आता कोण अडवतंय तुला? इतका राग आला म्हणून सांगू! नवरा गेला म्हणून काय त्याचं नाव चारचौघांत भिरकावायचं? उद्या आखाजी, पितरांचा सण. सांजोऱ्यांचा रवा भिजवून ठेवलाय, कुंभाराकडून कोरी घागर आणलीय. तुमच्यासाठी पाणी भरायचं हे पहिलंच वर्ष. घागर भरताना बायका रडतात, गेलेल्याचं चांगलं चांगलं आठवतात. मला मात्र तुमच्याशी भांडायचंय. घागरीसमोर भांडलेलं बरं दिसणार नाही, म्हणून आजच मोकळी होते. चौथीपर्यंत शिकले, ते आज लिहायला कामी येतंय.

भांडण काही नवं नाही. नावेतल्या खोलीच्या भिंतीचंच आहे.

तापीवर नावा पुष्कळ, पण खोली असलेली नाव आपल्या घाटावर ती एकच. कापसाच्या जिनातल्या गोऱ्या साहेबाची. हिवाळ्यात बदकं मारायला तो तीतून हिंडायचा आणि नाव वल्हवायचात तुम्ही. सत्तेचाळीस साली साहेब आपल्या मुलखाला निघून गेला आणि नाव तुमच्याकडे सोडून गेला. मग तुम्ही तिच्यातून माणसं उतरवायला लागलात. नवऱ्या मुली, बाळंतपणाला निघालेल्या बाया, आजारी माणसं, ज्यांना आडोसा लागतो ती सगळी खोलीत. बाकीचे पुढं उघड्यावर, बकऱ्यांसोबत. दोन्ही बाजूंना बाकं, वर लाकडी छत, आणि दार इतकं ठेंगणं की तुम्हाला निम्मं वाकून आत शिरावं लागायचं. तुमची उंची आणि ते दार यांचं कधी जमलं नाही. कपाळावरची ती खोक त्या दाराचीच.

लग्न लागल्यावर मला आणलंत ते त्याच नावेतून. मी पाचोऱ्याची पोर, विहिरीपलीकडं पाणी पाहिलेलं नाही. खोलीत शिरले आणि जी पहिली जागा दिसली तिथं बसायला गेले, डाव्या बाजूला, खिडकीशेजारी. तर तुमच्या बहिणीनं माझा दंड धरला.

"वहिनी, तठे नको बसू. ती पहिलीनी जागा शे."

मी चटका बसल्यासारखी बाजूला झाले. समोरच्या बाकावर बसले आणि सबंध डोह ओलांडेपर्यंत त्या जागेकडं बघत राहिले. भिंत साहेबाच्या पांढऱ्या रंगाची, जागोजागी पोपडे सुटलेले. आणि बाकाच्या वर, कंदील अडकवायची खुंटी होती ना, तिच्या खाली, एक काळपट तेलकट डाग. वाटीएवढा. डोकं टेकून टेकून पडतो तसा. घरोघरी असतात असले डाग, त्यात भिण्यासारखं काय असतं? पण मी भ्याले. नवी नवरी, हळदीच्या अंगानं, आणि समोर भिंतीवर सवतीचं डोकं.

ती कशी गेली ते मला लग्नाआधीच सांगितलं होतं, लपवलं नव्हतं तुम्ही. ताप हटेना म्हणून साहेबानं नाव दिली, तुम्ही तिला अमळनेरच्या दवाखान्यात न्यायला निघालात. त्याच बाकावर बसवलं, भिंतीला टेकवून. ऐन डोहात तिनं मान टाकली. तुम्ही वल्ह्यावर होतात, मागं वळून बघायला तुम्हाला फुरसत नव्हती. पलीकडच्या काठाला लागल्यावर कळलं. तिचा सुकदेव तेव्हा घरी माझ्या नणंदेच्या कडेवर होता, नुकता बोलायला लागलेला.

घरी आल्यावर नणंदेनं माझ्या गळ्यात सवतीचा टाक बांधला, चांदीचा, नखाएवढा. "गळामा राहू दे. मंग ती तुले तरास देत नही." मी म्हटलं, कशी होती ती? नणंद म्हणाली, गोरी होती, गोल होती, तुझ्या खांद्याला लागली असती, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. हे सगळं मी नीट लक्षात ठेवलं. ज्या बाईशी आयुष्यभर वैर धरायचं तिची माहिती असायला नको?

पण एक खरं सांगते. तो पहिला उन्हाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ होता. नाव वाळूवर ओढून ठेवली होतीत, बूड डांबरायला. मी सहज म्हणून गेले, आतल्या भिंती मी करून देते. तुम्हाला हसू फुटलं. मग मी सांगितलं की माझे वडील पाचोऱ्याला रेल्वेच्या डब्यांना रोगण लावायचे, साहेबलोकांच्या डब्यांना, आणि आई नसल्यामुळं मी लहानपणी त्यांच्यामागं कारखान्यात बसून असायचे. रंग खरवडायची काच मला लेखणीच्या आधी धरता आली. तुम्ही हसायचं थांबलात आणि म्हणालात, "मंग करू ना. बठ्ठी खोली नवी करू."

आणि आपण केली. सोड्याचं पाणी चोळून साहेबाचा रंग भिजवला, फुटक्या बाटलीच्या काचेनं खरवडला. खाली काय निघालं! सागवान, अस्सल. मी तर बोट फिरवत बसले. इतक्या चांगल्या लाकडाला रंग फासणाऱ्या साहेबाला मी पाचोऱ्याच्या भाषेत ज्या शिव्या दिल्या त्या ऐकून तुम्ही वाळूत जाऊन बसलात हसायला. फटींत खडू-तेलाची लांबी भरली. काचकागदानं घासलं. मग जवसाचं तेल पाजलं, भिंत पीत गेली, पीत गेली. छत आणि वरच्या फळ्या तुमच्याकडं, खालचं माझ्याकडं. मग चंद्रसाच्या राळेचं रोगण. वडील रोगणाच्या थराला हात म्हणायचे, पहिला हात, दुसरा हात. मी म्हटलं, उद्या तिसरा हात देऊ. तुम्ही माझा मनगटापर्यंत रोगणानं माखलेला हात धरलात आणि म्हणालात, दोनच शे ना तुले, तिसरा कोठून लयशी? अशी थट्टा तुम्ही वर्षातून एकदा करायचात, म्हणून लक्षात राहिली.

तो डाग मी त्याच वेळी मुळापासून काढला होता. सगळ्यात जास्त सोडा तिथं वापरला, सगळ्यात जास्त घासलं तिथं. वाकले की गळ्यातला टाक फळीवर आपटायचा, टक टक. मला वाटायचं, आतून कुणी उत्तर देतंय. घासलं आणि लाकूड लख्ख झालं. मी जिंकले म्हटलं.

दिवाळीला डाग परत हजर.

त्याच जागी, तेवढाच. आधी नुसती सावली, मग संक्रांतीपर्यंत चांगला काळा. रोगणाच्या वर, चकाकत. मी तुम्हाला हाताला धरून दाखवायला नेलं. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "डागच शे तो. चावस का तुले?"

चावतच होता हो. तुम्हाला काय सांगायचं! माझी कूस उजवली नाही. सुकदेव मला माय म्हणायचा, पण तोंड थेट तिचं. घर तिनं मांडलेलं, पाटा तिनं टाकी लावलेला, गळ्यात टाक तिचा. ती एक भिंत काय ती मी माझ्या हातानं केली होती, आणि तिच्यावरसुद्धा ही बया डोकं वर काढते? पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा घासली. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. तेलाचा डाग लाकडात खोल गेला की वरून कितीही हात द्या, तो वर येतो, हे वडिलांनी शिकवलेलं मला माहीत होतं. तरी मी ते मानलं नाही. मी म्हणायचे, लाकडात तेल नाही, ती आहे.

इकडं रोजचं आपलं चाललंच होतं. सकाळी तुम्ही ओसरीवर बसायचात, मी तुमच्या डोक्यावर शेंगदाण्याचं तेल थापायचे. नदीवरची तिरीप डोळ्यांत जाऊन तुमचं डोकं चढायचं, तेल घातल्याशिवाय तुम्ही घाटाकडं पाऊल टाकायचा नाहीत. दुपारी मी भाकर घेऊन यायचे. खोलीत मी सकाळी झाडायला तेवढी जायचे, आणि ते उरकून चटकन बाहेर. दुपारच्या शांततेत तिथं पाय ठेवायची माझी छाती नव्हती. मी घाटाच्या पायरीवरूनच हाक मारायचे, ओ सुकदेवचे नाना! आतून तुमचा आवाज, "भाकर लयनी का?" मग वाकून, दार सांभाळत तुम्ही बाहेर. पिंपळाखाली जेवायचात. इतकी वर्षं असंच, आणि एवढ्या वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की हा माणूस आत काय करतो.

एकदा मात्र आपलं कडाक्याचं झालं. आठवतं का? रोगणाचा डबा मी वाळूत भिरकावला होता. मी म्हटलं, तुम्हालाच तो डाग जायला नको आहे. तुम्हालाच ती पुसायची नाही. मी आपली रोजंदारीवर आणलेली, भिंती घासायला, पोर वाढवायला. तोंडात गुळणी धरून बसायची तुमची ती जन्माची खोड. मी आणखी पेटले. म्हटलं, बोला ना, तिच्याशी बोलत असाल आत बसून, माझ्याशी बोलायला काय झालं?

तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "तू बस तठे एकदाव."

मला वाटलं, टोमणा मारला. तिच्या जागेवर बस म्हणजे कळेल तिची किंमत, असं काहीतरी. मी आकाशपाताळ एक केलं. मी कशाला बसू? मी मेले तरी तिथं बसणार नाही! तुम्ही उठलात, वल्हं घेतलंत आणि पलीकडच्या काठाला कुणी नसताना रिकामी नाव घेऊन गेलात. संध्याकाळी परत आलात तेव्हा हातात माझ्यासाठी खरबूज होतं. ते मी सुकदेवला दिलं, आपण नाही खाल्लं. तुम्ही पुन्हा तो विषय काढला नाहीत. अहो, एकदा मी नाही ऐकलं तर दुसऱ्यांदा काढायचा होता! एवढी बडबडी बायको पदरात पडली होती, तर थोडं मोठ्यानं बोलायला शिकायचं होतं.

गेल्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर, मी धुळ्याहून लाख मागवली. वडील म्हणायचे, चिवट डागावर लाखेचा हात द्यावा, तो आतलं आत कोंडतो. भिंत पांढरीफटक पडेपर्यंत घासली, स्पिरिटात लाख विरघळवली, कापडाच्या बोळ्यानं हातावर हात दिले. तुम्ही दारात वाकून उभे होतात. म्हणालात, यंदा माझं काम नाही वाटतं? मी म्हटलं, नाही, यंदा मी एकटी पुरी पडते तिला. मग पूर आला, नाव बांधून ठेवली. श्रावणात तुमचा डावा हात गेला, मग डावा पाय, आणि तुम्ही खाटेला लागलात. दसऱ्यापासून नाव सुकदेव चालवायला लागला.

दिवाळीला मी मुद्दाम घाटावर गेले. खोलीत शिरले. भिंत आरसा! डावीकडं, खुंटीखाली, नुसतं सागवानाचं पिवळं लाकूड चमकत होतं. डागाचा मागमूस नाही. मी तिथंच पदर खोचून हसले एकटी. घरी पळत आले. तुम्ही खाटेवर, डोळे मिटून. मी कानाशी जाऊन म्हटलं, "गयी तुमनी ती. भिंत पाह्या येऊन एकदाव, आरसा व्हयी गया."

तुम्ही डोळे उघडलेत. माझ्याकडं बघत राहिलात. किती वेळ बघत होतात ते मला आता आठवावंसं वाटतं, तेव्हा मला घाई होती जिंकल्याची. मग म्हणालात, "बरं व्हयनं. आते डोकाले जरा तेल लाई दे."

मी तेल लावलं. लावताना बडबडत होते. लाख कशी विरघळवली, बोळा कसा फिरवला. तुम्ही ऐकत होतात आणि तुमच्या उशीवर तेल उतरत होतं.

तुम्ही गेलात. नणंद आली, तिनं माझं मंगळसूत्र काढलं, बांगड्या फोडल्या. टाक कुणी काढायला सांगितलाच नाही, कुणाच्या लक्षातच आलं नाही. आता गळ्यात तुमचं काही नाही, तिचं आहे. तुमची घोंगडी, तुमची उशी, सगळं रीतीप्रमाणं नदीत सोडलं. फोटो तर तुम्ही कधी काढूच दिला नाहीत, सुकदेवच्या शाळेत फोटोवाला आला तेव्हा तुम्ही पाण्यात उतरून बसलात. घरात फिरते तर तुमचं काही सापडत नाही. सदरे सगळे धुतलेले. मी धुणं स्वच्छ धुते ना! कोनाड्यात तंबाखूची चंची होती, तिला नुसता तंबाखूचा वास.

आणि मग परवा, आखाजीआधीचं शेवटचं लग्न. पलीकडच्या काठाहून वऱ्हाड आणायचं होतं. सुकदेव म्हणाला, माय, बायका जास्त आहेत, खोलीत कुणीतरी आपलं पाहिजे, तू चल. मी पांढऱ्या कपाळाची, लग्नाच्या नावेत कशाला, म्हटलं. तो म्हणाला, नाव आपली आहे, कोण काय बोलतं बघतो. गेले. खोली नुसती गच्च भरली. नवरी, करवल्या, पोरं, शिध्याची टोपली. मी दारात उभी. नाव हलली तशी माझा तोल गेला. सुकदेवनं वल्ह्यावरून पाहिलं आणि ओरडला,

"माय, तठे बस ना खिडकीपाशी. नानानी जागा शे ती, रिकामीच शे."

मी म्हटलं, कोणाची?

"नानानी. दुपारले नाना तठेच टेकेत. तुले माहीत नही?"

बायकांनी सरकून जागा केली. एवढ्या जणींसमोर नाही कसं म्हणू? मी बसले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. नाव डोहात शिरली, डोकं गरगरायला लागलं म्हणून मागं टेकले. आणि टेकल्याबरोबर कळलं. खुंटी माझ्या डोक्याच्या पार वर होती. डाग असायचा खुंटीच्या लगेच खाली. मी हात वर करून चाचपलं. माझं डोकं त्या जागेच्या वीतभर खाली टेकत होतं. आणि ती तर माझ्या खांद्याला लागली असती.

नवरीच्या करवल्या गाणं म्हणत होत्या. मी हात तसाच वर धरून भिंत चाचपत राहिले. बाजूच्या बाईनं पाणी दिलं, म्हणाली, नाव लागते का हो तुम्हाला?

तुमचं डोकं होतं ते. रोज दुपारी, माझ्या हाकेची वाट बघत टेकलेलं. आणि सकाळी त्यावर तेल मीच थापलेलं. मी घासायचे, तुम्ही टेकायचात, मी घासायचे. भिंत आरसा झाली कारण तुम्ही खाटेवर होतात. लाखेनं काही कोंडलं नव्हतं. माझे वडील, माझी लाख, माझी जिद्द, सगळं खोटं. तुम्ही उठून बसू शकत नव्हतात, एवढंच खरं. आणि मी तुमच्या कानाशी येऊन आनंदानं ओरडले की गेली!

अहो, हसलात का हो तेव्हा मनात? की रडू आलं? बरं झालं म्हणालात आणि तेल मागितलंत. ते सांगणं होतं का? मी रात्रंदिवस तेवढं एक वाक्य उलटंपालटं करते आहे. साधं सांगता येत नव्हतं, बाई गं, माझं डोकं आहे ते? एका शब्दाचं काम होतं. की तुम्हाला वाटत होतं मला ठाऊक आहे, आणि मी उगाच तिच्या नावानं खापर फोडते आहे? आणि हेही विचारते, राग येऊ द्या. त्याच जागी का? समोरचं बाक होतं, तेही रिकामंच. तिनं जिथं मान टाकली तिथंच डोकं टेकून तुम्ही रोज कुणाला आठवत होतात? का नुसती डुलकी घेत होतात? आठवत असाल तर आठवा, आता मला त्याचं काही वाटत नाही, असं म्हणवत नाही. वाटतं. आजही वाटतं. पण तिथं टेकून तुम्ही माझी हाक ऐकायचात आणि उठून यायचात, हे तरी खरं ना?

काल दुपारी घाटावर कुणी नव्हतं. मी काच घेऊन खोलीत गेले. खुंटीखालची लाख खरवडली. पापुद्रे निघाले, पिवळे, पातळ. खाली कुठंतरी तेवढा एक कण राहिला असेल म्हटलं. बोटभर काळं. माझ्या हातून कधी काही राहिलंय? लाकूड पांढरं निघालं. नाक लावलं तर स्पिरिटाचा वास. आणखी खरवडलं, फळीला खड्डा पडला, बोट कापलं. काही नाही. तुमची एक खूण या जगात उरली होती आणि ती मी माझ्या हातानं, वडिलांनी शिकवलेल्या पद्धतीनं, मुळापासून काढली. तिथंच बसले आणि रडले. दहाव्याला रडले नव्हते तेवढी. अगदी नाकातोंडातून.

सुकदेव आला. दारात थबकला. भिंतीकडं पाहिलं, माझ्या बोटाकडं पाहिलं.

"माय, हाई काय करं वं?"

त्याला काय सांगणार? तो काचेचा तुकडा माझ्या हातातून काढून घेत म्हणाला, राहू दे, आखाजीनंतर मी लाख आणतो, दोघं मिळून करू, भिंत पुन्हा नवी होईल. बोलत बोलत तो आत शिरला, आणि शिरताना निम्मा वाकला. कपाळ थोडक्यात वाचलं.

मी बघत राहिले. अहो, पोरगा कधी एवढा झाला?

मी म्हटलं, बस तिथं. तो म्हणाला, कोठे? म्हटलं, नानांच्या जागेवर. बसला बिचारा, कपाळावर आठी घालून. मी सोबतच्या टोपलीतून तेलाची बाटली काढली, तुमच्यानंतर ती घरी ठेववत नाही, जाईन तिथं सोबत नेते. त्याच्या डोक्यावर तेल ओतलं आणि थापलं, चांगलं कानांमागून ओघळेपर्यंत. "वं माय, काय चालनं तुनं!" म्हणाला, पण उठला नाही.

"आते टेक डोकं."

"भिंतले डाग पडी, माय. नुसतं लाकूड शे."

"पडू दे. टेक म्हनस ना."

तो टेकला. खुंटीच्या लगेच खाली, नेमका. तिचं तोंड, तुमची उंची. थोड्या वेळानं त्याला झोप लागली. मी समोरच्या बाकावर बसून राहिले, आणि पलीकडच्या काठावरून कुणीतरी नावेला हाक मारत होतं, तरी मी त्याला उठवलं नाही.